खळ्यात चार महिने बंद राहिलेली गाडी: बुरशी, कुबट वास आणि पाण्याचा शोध

पार्श्वभूमी

बुरशी म्हटली की आपल्याकडे बोट कोकणाकडे जातं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, वर्षभराचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. अशा कोरड्या मुलखात गाडीच्या सीटवर बुरशी येतेच कशी, असं नानांनी आमच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवताच विचारलं. प्रश्न रास्त होता. या प्रकरणातले बहुतेक घोळ त्याच समजुतीतून झाले.

नाना निवृत्त शिक्षक, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले. (नाव, गाव आणि गाडीचं मॉडेल मुद्दाम दिलेलं नाही.) गाडी पेट्रोलवर चालणारी सेडान, नऊ-दहा वर्षं जुनी, पण फिरलेली कमी. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाना मृगाच्या आधी पुण्याला मुलाकडे गेले आणि परतले ते दसऱ्यानंतर. जाताना त्यांनी गाडी घरामागच्या खळ्यात, पत्र्याच्या शेडखाली लावली, काचा घट्ट बंद केल्या आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री टाकून दोरीने आवळून बांधली. किल्ली सालदाराकडे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याकडे दिली. पण ‘चालू करून बघत जा’ असं कुणी सांगितलं नाही, त्यामुळे त्यानेही हात लावला नाही.

खळं कसं होतं, हे इथे महत्त्वाचं आहे. जमीन मातीची. एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला मागच्या वर्षीच्या कापसाचे राहिलेले गाठोडे. मागच्या भिंतीला लागून केळीचा मळा, म्हणजे पाऊस असो-नसो, जमिनीत ओल कायम. शेडवर लिंबाची फांदी आलेली. थोडक्यात, जिल्हा कोरडा असला तरी गाडी ज्या पंधरा बाय वीस फुटांत उभी होती ती जागा अजिबात कोरडी नव्हती. ताडपत्रीने जमिनीतून उठणारी वाफही आतच अडकवून ठेवली.

अडचण

दार उघडलं तेव्हा स्टिअरिंगवर पांढुरकी-हिरवट बुरशी, सीटच्या शिवणींत ठिपके, सीटबेल्टच्या पट्ट्यांवर डाग आणि वास असा की मिनिटभर बसवत नव्हतं. काकूंना दम्याचा त्रास. त्यांना दर महिन्याला जळगावला दवाखान्यात न्यायचं असतं आणि त्यासाठीच ही गाडी ठेवलेली. म्हणजे ‘थोडा वास येतो, चालतंय’ म्हणून सोडण्यासारखी गोष्ट नव्हती. बुरशीचे बीजाणू श्वासात गेले की दम्याच्या माणसाला धाप लागू शकते, आणि बंद काचेच्या गाडीत ते ब्लोअरच्या वाऱ्यासोबत थेट तोंडावर येतात.

दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला मुलगी यायची होती. मुलाचं पुण्याहून एकच म्हणणं: विकून टाका. नाना तयार नव्हते.

आमच्याकडे येण्याआधी काय झालं

पहिला निर्णय शेजाऱ्यांचा. “गाडीले ऊन दाखवा, वास जाईन आपोआप.” खान्देशात हा सल्ला धान्यापासून गादीपर्यंत सगळ्याला लागू पडतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. नानांनी गाडी ढकलून अंगणात आणली आणि काचा बंद ठेवून आठवडाभर ऑक्टोबरच्या उन्हात उभी केली. काचा बंद का, तर मांजर आत शिरते म्हणून.

या आठवड्यात बुरशी कमी झाली नाही. उलट ती छताच्या अस्तरावर दिसू लागली. आधी तिथे काहीच नव्हतं.

कारण सरळ आहे. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद वाढते. दर १० अंशांना ती जवळपास दुप्पट होते. दिवसा बंद गाडी तापते, खालच्या थरातलं पाणी वाफ होऊन वर येतं. रात्री काचा आणि छताचा पत्रा गार पडतो आणि तीच वाफ तिथे पुन्हा पाणी होऊन बसते. बाहेर जायला वाटच नसल्यामुळे पाणी गाडीतल्या गाडीत खालून वर फिरत राहिलं. आठही दिवस चारही दारं सताड उघडी असती तर हाच उपाय अर्धाअधिक लागू पडला असता.

दुसरा निर्णय पैसे देऊन घेतलेला. तालुक्याच्या एका वॉशिंग सेंटरवर सीट आणि कार्पेट फेसाने धुतले, वरवर पुसले आणि सुगंधाची बाटली लावून गाडी परत दिली. दोन दिवस गाडी छान वाटली. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याचा आणि बुरशीचा असा मिळून एक तिसराच वास सुरू झाला. आधीच ओल्या थरात आणखी पाणी गेलं होतं. त्यानंतर कुणीतरी सीटखाली डांबरगोळ्या टाकायला सुचवलं आणि नानांनी टाकल्याही. तो वास फोममध्ये मुरतो आणि दम्याच्या माणसाला त्याचाच वेगळा त्रास होतो. आमच्याकडे गाडी आली तेव्हा नाकाला तीन गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या.

पाणी कुठून आलं

इथे आम्ही हातातलं काम थांबवलं आणि एकही फडका न मारता आधी कोरडी तपासणी केली. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे अवघड जातं, कारण त्याला काहीतरी घासलं जाताना बघायचं असतं.

चारही पायदानांवर, म्हणजे सीटपुढे पाय ठेवायच्या जागेवर, हाताचा तळवा दाबून पाहिला. उजवीकडचं पुढचं कोरडं, मागची दोन्ही किंचित दमट, डावीकडचं पुढचं मात्र दाबताच बोटांमधून पाणी आलं. म्हणजे चार महिन्यांच्या दमट हवेने बुरशी आली असली तरी पाणी एका ठिकाणाहून आत आलं होतं.

डाव्या पायदानात पाणी दिसलं की मेकॅनिकच्या मनात पहिला संशय एसीच्या पाण्याच्या नळीवर येतो. नळी तुंबली की एसीचं पाणी गाडीखाली न पडता आत पडतं. पण ही गाडी चार महिने बंद होती. एसी चाललाच नाही तर त्याचं पाणी येईल कुठून? तो संशय तिथेच मिटला. इंजिन गार ठेवणारं कूलंट गळत असतं तर गोडसर वास आणि चिकटपणा मिळाला असता, तोही नव्हता.

मग बॉनेट उघडून वायपरखालची जाळी काढली. पुढच्या काचेवरचं पाणी या जाळीखालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून बाहेर जातं. पन्हाळीत लिंबाच्या पानांचा कुजून काळा झालेला थर साचला होता आणि डाव्या टोकाचं भोक पूर्ण बुजलेलं. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे ब्लोअर आणि बाहेरची हवा घेण्याचं तोंड बहुधा डावीकडे असतं. पन्हाळ भरली की पाणी त्या तोंडातून आत उतरतं. खात्री करायला एकाने बाहेरून तांब्याने काचेच्या खाली पाणी ओतलं आणि दुसरा आत टॉर्च घेऊन वाकून बसला. थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून धार लागली.

नानांच्या शेडच्या पत्र्याला नेमकं काचेच्या वर छिद्र होतं, हे त्यांना नंतर घरी जाऊन पाहिल्यावर कळलं. ताडपत्रीही तिथेच फाटलेली.

दुसरा शोध एसी फिल्टरच्या खणात लागला. उंदरांनी गाठोड्यातला कापूस आणून तिथे घर केलं होतं. कापूस ओला, मुताने भिजलेला. वासाचा तो आंबूस-तिखट भाग बुरशीचा नव्हताच.

कोणते पर्याय होते

विकणं हा पर्याय मुलाने लावून धरला होता. पण कुबट वासाची गाडी पाहिली की दलाल पुराची गाडी समजतो आणि त्या हिशेबाने भाव पाडतो. विकायची तरी आधी ती नीट करणं भाग होतं.

विम्याचं नानांनी विचारलं. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण घसारा आणि झीज वगळलेली असते. इथे पूर नव्हता, चार महिन्यांत हळूहळू मुरलेली ओल होती. दाव्याच्या मागे लागून दिवाळीपर्यंतचा वेळ घालवण्यात अर्थ नाही, असं आमचं मत पडलं.

तिसरा पर्याय ओझोन मशीनचा. बंद गाडीत ते काही वेळ चालवलं की वास मरतो, अशी जाहिरात असते. ओझोन वासाच्या कणांचं विघटन करतो हे खरं. पण कार्पेटखालच्या फेल्टच्या (जाड, मुरणाऱ्या थराच्या) आतल्या ओलीपर्यंत तो पोचत नाही, नैसर्गिक रबराला त्याने तडे जातात आणि फुप्फुसाला तो घातक आहे. घरात दम्याचा पेशंट असताना हा पर्याय आम्ही शेवटच्या क्रमांकावरही ठेवला नाही.

चौथा, मुलाने मोबाईलवर पाहिलेला: ब्लीच आणि व्हिनेगर. दोन्ही एकत्र केले तर क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे तो विषय वर्कशॉपच्या दारातच संपवला. नुसतं ब्लीचही कापड आणि फोमवर उपयोगाचं नाही. त्यातला क्लोरीन वरच राहतो, पाणी मात्र आत झिरपतं. शिवाय सीटबेल्टच्या पट्टीचा धागा त्याने कमजोर होतो. अपघातात जीव ज्या पट्टीवर असतो तिच्यावर असले प्रयोग करू नयेत.

उरला तो सीट काढून, कार्पेट उचलून मुळापासून वाळवण्याचा. वेळखाऊ आणि मजुरीचा. नानांनी विचारलं, “भाऊ, नुसतं डावीकडचं उचलून नाही भागणार?” कार्पेट अखंड साच्यात घडवलेलं असतं. एक कोपरा वर करून खाली पंखा लावता येतो, पण फेल्टचा खालचा थर तसा वाळत नाही. पूर्ण उचलायचं ठरलं.

काय केलं

गाडी शेडबाहेर मोकळ्या जागेत, वारा घराकडून गाडीकडे जाईल अशी लावली. काकूंना यायला मनाई. काम करणाऱ्या पोरांना एन-९५ मास्क आणि हातमोजे. कोरड्या ब्रशने बुरशी झाडायची नाही, हा नियम. झाडली की बीजाणू हवेत उडतात आणि जिथे नव्हते तिथे जाऊन बसतात.

सगळ्यात आधी पन्हाळ साफ करून दोन्ही भोकं मोकळी केली आणि पुन्हा तांब्याने पाणी ओतलं. आत थेंबही आला नाही. हे झाल्याशिवाय पुढचं काही सुरू करायचं नाही असं ठरलेलं होतं.

मग उंदराचं घर. लेंड्या आणि कापूस यांवर आधी जंतुनाशकाचं पाणी फवारून ते ओलं केलं, मग उचलून पिशवीत बंद केलं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तिथे कोरडा झाडू किंवा एअर गन मारणं म्हणजे आजार आमंत्रण देऊन बोलावणं. फिल्टर टाकून दिला.

सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबलो. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅग किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो निघालेला असताना किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला पुन्हा स्कॅनर लावावा लागतो. बॅटरी तशीही उतरलेली होती, पण मध्येच कुणीतरी चार्ज करून लावतो, म्हणून चिठ्ठी चिकटवली.

कार्पेट उचललं आणि खरं प्रकरण तिथे दिसलं. कार्पेटखाली आवाज आणि उष्णता अडवायला जाड फेल्ट असतं. भिजलेल्या गोधडीसारखं ते वरून सुकं लागत होतं आणि मध्ये हात घातला की गार पाणी. डाव्या बाजूला खालचा थर काळा पडलेला, पत्र्यावर गंजाचे डाग.

इथे दोन मतं झाली. आमच्या जुन्या कारागिराचं म्हणणं, धुऊन उन्हात टाका, आपल्याकडे दोन दिवसांत खडखडीत वाळतं. खान्देशातलं आश्विनातलं ऊन आणि कोरडा वारा पाहता ते चुकीचं नव्हतं. पण वाळणं वेगळं आणि साफ होणं वेगळं. असला मुरणारा थर भिजला आणि २४ ते ४८ तासांत सुकला नाही तर त्यात बुरशी मूळ धरते. इथे तर महिने गेले होते. नुसतं वाळवलं असतं तर पुढच्या श्रावणात हवा दमट होताच तोच वास उठला असता. डावीकडचं पूर्ण फेल्ट कापून टाकलं, उजवीकडचं आणि मागचं ठेवलं. कंपनीचं कार्पेट फेल्टसह अखंड येतं आणि त्याची किंमत नानांना झेपणारी नव्हती. म्हणून सीट कव्हरवाल्याकडून वाहनासाठीचंच, आग न धरणारं फेल्ट मापाने कापून घेतलं. गादीचा कापूस किंवा साधा स्पंज तिथे भरणारेही असतात, पण तो पाणी पितो आणि पेटतोही.

पत्र्यावरचा गंज घासून प्राइमर मारला. कार्पेट सौम्य साबणाने धुऊन, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पिळून वाऱ्यावर टांगलं.

डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दारांचे पॅनल हे ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासून. ९९ टक्क्यांचं घेतलं नाही, कारण ते क्षणात उडून जातं. ७० टक्क्यांतलं पाणी त्याला टिकवून धरतं आणि काम करायला वेळ मिळतो. म्युझिक सिस्टीमच्या काचेवर आणि चकचकीत प्लास्टिकवर ते लावलं नाही. पेटतं रसायन, म्हणून दारं उघडी आणि आसपास विडी-काडी बंद. अल्कोहोलने सगळे बीजाणू मरत नाहीत. पण ते फडक्यावर उचलले जातात, आणि फडका दर वेळी नवीन घेतला की काम होतं.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावला, कोमट पाणी आणि साबणाने पुसला आणि सावलीत वाळल्यावरच आत सोडला. ओला बेल्ट आत गुंडाळला तर बुरशी पुन्हा तिथूनच सुरू होते.

छताच्या अस्तराला सगळ्यात कमी हात लावला. ते पातळ फोमवर चिकटवलेलं असतं. पाणी जास्त झालं तर गोंद सुटून कापड लोंबतं. ओलसर फडक्याने नुसतं टिपलं.

वाळवताना दिवसा चारही दारं उघडी आणि उभा पंखा. संध्याकाळी दारं बंद, कारण त्या दिवसांत पहाटे दव पडतं. बंद गाडीत रात्री कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवला. तो पाणी ओढून स्वतःच पातळ होतो आणि सांडला तर पत्रा खातो, म्हणून बादलीत ठेवला आणि गाडी हलवण्याआधी काढला. सिलिका जेलच्या पुड्यांवर नानांचा फार विश्वास होता. सिलिका स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्साच पाणी धरते. फेल्टमध्ये लिटरने पाणी असताना पाव किलो पुड्यांनी काय होणार? वाळलेली गाडी कोरडी ठेवायला त्या ठीक आहेत.

गाडी वाळली हे ठरवायला नाकावर विसंबलो नाही. सकाळी उन्हं येण्याआधी एक स्वस्त आर्द्रता मापक आत आणि एक बाहेर. तापमान बदललं की आकडा बदलतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी वाचायचे. सुरुवातीला आतला आकडा बाहेरच्यापेक्षा बराच वर होता. दोन्ही जुळून आले आणि कार्पेटवर रात्रभर चिकटवलेल्या पॉलिथिनच्या खाली थेंब दिसेनासे झाले, तेव्हाच सीट बसवल्या.

निकाल

दिवाळीच्या आधी गाडी गेली. सीट आणि कार्पेटला वास राहिला नव्हता. पण नव्या फिल्टरसह ब्लोअर चालू केला की पहिल्या काही क्षणांत तो जुना आंबूस झोत यायचा. नानांनी फोन केला तेव्हा गाडी परत बोलावली आणि ग्लोव्ह बॉक्स काढून ब्लोअरची मोटर खाली उतरवली. पंख्याच्या पात्यांत मूठभर कापूस अडकलेला होता. फिल्टरचा खण साफ केला म्हणजे उंदराचं घर गेलं, असं नसतं. कापूस खाली घरंगळतो. तो काढून एसीच्या हवा गार करणाऱ्या कॉइलवर फेसाचा क्लीनर मारला, नळीतून मळकट पाणी बाहेर आलं आणि झोत थांबला.

काकू आधी काही फेऱ्या काच खाली करूनच बसल्या, नंतर बंद करून. त्रास झाला नाही. छतावरचा डाग फिकट झाला, गेला नाही. अस्तर बदलायचं का हे नानांवर सोडलं. पुढच्या पावसाळ्यात डाव्या पायदानावर हात ठेवून पाहिला, कोरडं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी जूनमध्ये होती. वायपरखालची पानं काढायला दहा मिनिटं लागतात. झाडाखाली लागणाऱ्या कुठल्याही गाडीला हे मृगाआधी एकदा लागतंच. ताडपत्रीऐवजी हवा खेळणारं सुती आच्छादन, चाकांखाली फरशी आणि मातीवर जाड प्लास्टिक पसरलं असतं तर जमिनीची वाफ अडली असती. कापसाच्या शेजारी गाडी लावणं हा उंदरांसाठी परवानाच होता.

काच बोटभर उघडी ठेवावी की नाही, यावर आमच्यातही एकमत नाही. उघडी ठेवली तर हवा फिरते, पण खळ्यात उंदीर, मांजर आणि पावसाची झड हे तिन्ही आत येतात. माझं मत, खळ्यात काचा बंदच ठेवाव्यात आणि सालदाराला दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढायला सांगावं. तीही जागेवर पाच मिनिटं घरघर न करता रस्त्यावर अर्धा तास, ब्लोअर चालू ठेवून आणि शेवटची काही मिनिटं एसी बंद करून, म्हणजे कॉइल कोरडी होते. अशा पहिल्याच फेरीत त्याला ओलं पायदान दिसलं असतं आणि सगळं फेल्टच्या एका तुकड्यावर निभावलं असतं.

दसऱ्यानंतरही एक संधी होती. त्या दिवशी वास मारायचा की पाणी शोधायचं, हा पर्याय समोर होता आणि शेजारी, वॉशिंग सेंटर, मुलगा या सगळ्यांनी पहिला निवडला. पायदान दाबून बघायला पैसे लागत नाहीत. वॉशिंग सेंटरवाल्याने फेस मारण्याआधी तेवढं केलं असतं तर त्याला काम नाकारावं लागलं असतं, आणि गिऱ्हाईक नाकारणं कुणाला परवडतं हा भाग वेगळा.

आमच्या बाजूने ठरलेलं एवढंच: फिल्टरच्या खणात उंदीर सापडला तर ब्लोअरची मोटर त्याच दिवशी उतरवायची. आणि उजवीकडचं फेल्ट ठेवायचं की तेही बदलायचं, हे तळवा दाबून न ठरवता वर आणि खाली दोन्ही बाजूंनी कापून बघून ठरवायचं. नानांच्या गाडीत ते सुदैवाने कोरडं निघालं.